मधली चार वर्षं

वनिता,

परवा तुझ्या शाळेच्या हॉलमध्ये तुझी शोकसभा झाली. तुझ्या लाडक्या विद्यार्थिनीने, मुग्धाने, तुझा तो फोटो लावला होता, गालाला निळा रंग लागलेला. तुला चालला असता की नाही कोण जाणे. कदाचित म्हणाली असतीस, निदान तोंड तरी पुसू द्यायचं. मला मात्र आवडला. घरात तू बरेचदा तशीच असायचीस.

सगळे चांगलं बोलले. हल्लीच्या मुख्याध्यापिका बोलल्या, तुझ्या दोन जुन्या विद्यार्थिनी बोलल्या, ठाण्याहून आलेले एक गृहस्थ तुझ्या चित्रांतल्या अवकाशाबद्दल बराच वेळ बोलले. आणि बोलून झालं की प्रत्येक जण माझ्याकडे वळायचा. अठरा-अठरा फुटांची चित्रं काढणं हे एकट्या बाईचं काम नाही, पाठीशी यजमानांची खंबीर साथ होती म्हणूनच हे घडलं. चौघांनी थोड्याफार फरकाने हेच सांगितलं. मी मान खाली घालून बसलो होतो. लोकांना वाटलं, मी रडतोय. मी रडत नव्हतो. मला लाज वाटत होती.

शेवटी मुग्धा जवळ आली. "काका, दोन शब्द बोलता का?" मी उठलो, माईकपर्यंत गेलो, सगळ्यांचे आभार मानले आणि परत येऊन बसलो. चौतीस वर्षांचा संसार, आणि मी आभार मानून आलो. आपला निखिल रविवारी बंगळुरूला परत गेला. तेव्हापासून घरात मी एकटाच आहे आणि डोक्यात तेच चाललंय. म्हणून जे तिथे बोलायला हवं होतं ते तुला लिहितो. तुला यातलं सगळं ठाऊक आहे. एक गोष्ट सोडून.

चित्रातलं मला काही कळत नाही हे मी तुला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. मी एमआयडीसीतल्या एका कंपनीत स्टोअर सांभाळणारा माणूस. कुठला नट कुठल्या खणात, कुठला पट्टा कुठल्या रॅकवर, एवढंच माझं जग. लग्न ठरल्यावर तू तुझ्या भावाबरोबर, हरीबरोबर, डोंबिवलीचं घर बघायला आलीस आणि स्वयंपाकघरात डोकावायच्या आधी हॉलमधल्या भिंतीसमोर उभी राहिलीस. "ही भिंत केवढी आहे?" मला वाटलं कपाटासाठी विचारतेयस. मी टेप काढून मोजली. नऊ फूट दहा इंच. तू म्हणालीस, "ठीक आहे. सध्या चालेल."

सध्या म्हणजे किती दिवस, हे विचारायचं मला सुचलं नाही.

कळव्याच्या खाडीकाठी तू वाढलीस. तुझे बाबा मिठागरात कामाला, आई डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहायची. पुढे ते आगर बंद पडलं, त्यावर भराव पडला, इमारती झाल्या. तुला ते सगळं परत काढायचं होतं आणि लहान काढायचं नव्हतं. शाळेतून आलीस की तू कार्डशीटवर काढत बसायचीस, एकेक शीट वेगळा. हॉलमध्ये एका वेळी सहा शीट मावायचे. झालेले पलंगाखाली जायचे. असे चाळीस शीट झाल्यावर एका रविवारी आपण ते गच्चीवर नेले. काळेकाकूंनी पापड घातले होते, ते त्यांनी कुरकुरत एका बाजूला घेतले. प्रत्येक कोपऱ्यावर विटेचा तुकडा ठेवून तू सगळं अंथरलंस आणि पाण्याच्या टाकीवर चढलीस. मग मला हाक मारलीस.

"अहो, वर या."

मला उंचीची भीती. तरी चढलो.

"काय दिसतंय?"

"छान दिसतंय."

"छान नका म्हणू. आधी नजर कुठे गेली ते सांगा."

मी खरं ते सांगितलं. "त्या कोपऱ्यातल्या बाईच्या पायाकडे."

"का?"

"तिच्या कमरेपेक्षा मोठा झालाय."

तू बघितलंस. तो पाय तीन शीटवर तीन वेगवेगळ्या दिवशी काढला होतास. जवळून प्रत्येक तुकडा बरोबर होता. तू टाकीवर बसकण मारलीस आणि इतकी हसलीस की डोळ्यांतून पाणी आलं. खालून काळेकाकू विचारत होत्या, काय झालं, काय झालं. त्या दिवशी मला काम मिळालं. चित्र काढणाऱ्याला इतकं मोठं चित्र काढताना दिसत नसतं, कुणीतरी लांब उभं राहून सांगावं लागतं, हे तू मला समजावून दिलंस. मी लांबून बघणारा झालो.

आंबिवलीचा गाळा निखिल शाळेत जायला लागल्यावर घेतला. स्टेशनपासून दहा मिनिटांवर, पूर्वी तिथे प्लॅस्टिकच्या बादल्या बनवायचे. उंच पत्रा, एक मोठं शटर, आणि उन्हाळ्यात आत भट्टी. तू शनिवारी दुपारपासून तिथे. मी रविवारी डबा घेऊन. तिथल्या अकरा वर्षांत मी जे शिकलो ते कंपनीत कधी शिकलो नसतो. कॅनव्हास ताणायला दोन माणसं लागतात आणि ती दोघं नवरा-बायको असली तर भांडण ठरलेलं. पावसाळ्यात ताणलेलं कापड पोटासारखं सुटतं. मेमध्ये रंग या टोकाकडून त्या टोकाला न्यायच्या आत वाळून जातो, मग मधे पट्टा दिसतो. तू बादलीत रंग कालवायचीस, घरांना रंग देणारे वापरतात ते रुंद ब्रश बांबूला बांधायचीस. एकदा खाडीच्या पाण्याचा राखाडी अर्ध्यावर संपला. दुसरा काही केल्या तसा जमेना. तीन रविवार तू निरनिराळ्या वाट्या घेऊन चित्राला लावून बघत होतीस आणि मी शटरपाशी खुर्ची टाकून "नाही, हा हिरवट आहे", "नाही, हा मेलेला आहे" असं सांगत होतो. चौथ्या रविवारी तू म्हणालीस, "आता पाण्याचा रंग अर्ध्यावर बदलतो असं समजा. ओहोटी लागली." आणि खरंच तसं दिसलं.

तुझी आई एकदा बघायला आली होती. चित्रासमोर उभी राहिली, मग वर बघितलं, मग आणखी वर. "यवरं मोठं कनाला गो?"

"आये, मिठागर काय लहान व्हता?" तू म्हणालीस.

आईने मग काही विचारलं नाही. चित्रातल्या मिठाच्या वाफ्यांच्या बांधावरून चालल्यासारखी ती या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, चित्राला हात न लावता. माझ्याशी घरात बोलतानाही तू शाळेतलं मराठी बोलायचीस. आईशी बोलताना तुझा आवाजच बदलायचा. मला तो आवाज फार आवडायचा, हेही कधी सांगितलं नाही.

एक थंडीतली सकाळ आठवते. तू क्षितिजाची रेघ ओढत होतीस. अठरा फुटांची एक रेघ, न थांबता. हात खांद्यापाशी स्थिर, आणि तू चालत होतीस. रेघ संपल्यावर ब्रश खाली ठेवून म्हणालीस, "लोकांना वाटतं हात दुखत असतील. माझे पाय दुखतात." मग डबा उघडून तू जमिनीवरच बसलीस. आपण कोलंबीचं कालवण आणि भाकरी खाल्ली. तुझ्या चेहऱ्यावर जे होतं ते मी निखिल झाला तेव्हा बघितलं होतं, आणि नंतर फक्त तिथे.

आता पडलीस त्या दिवसाबद्दल.

तो रविवारच होता. तू परांचीवर होतीस, साधारण अकरा फुटांवर. आभाळाचं काम चाललं होतं. मी खुर्चीत. डाव्या कोपऱ्यात रंग पातळ वाटत होता. मी म्हटलं, "अजून थोडं डावीकडे." तू वाकलीस. "अजून," मी म्हटलं. तू आणखी वाकलीस. परांचीची फळी सरकली.

दवाखान्यात, पोलिसांच्या कागदावर, तुझ्या भावाला, सगळ्यांना मी सांगितलं की फळी सरकली. ते खरंच होतं. "अजून" कुणी म्हटलं ते मी कुणाला सांगितलं नाही. तूही नाही सांगितलंस.

उजवं मनगट तीन ठिकाणी आणि खांद्याचं हाड. मनगटात स्टीलची पट्टी घातली. ऑपरेशन झाल्यावर तू अर्धवट गुंगीत होतीस. मी पलंगाशी बसलो होतो. मी म्हटलं, "पुरे आता, वनिता. आता मोठं नको." तू डोळे मिटून मान हलवलीस. पुढे चार वर्षं मी तुझी ती हललेली मान पुढे करत राहिलो. तुला काही ऐकू येत नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

तू प्लॅस्टरमध्ये होतीस तेव्हा मी आंबिवलीला गेलेलो. गाळ्याची किल्ली मालकाला दिली. अर्धवट चित्र चौकटीवरून उतरवलं. आणि मला जी येते ती गोष्ट मी केली. मालाची नीट घडी घातली. आधी उभी दुमडली, मग आडवी, मग परत उभी. प्रत्येक पदरात वर्तमानपत्र, मध्ये डांबराच्या गोळ्या. वर सुतळी. घरी आणून माळ्यावर ठेवलं. मला वाटत होतं, मी ते फार काळजीपूर्वक केलंय.

प्लॅस्टर निघाल्यावर तू विचारलंस, "चित्र कुठंय?"

"माळ्यावर आहे. व्यवस्थित ठेवलंय."

"गुंडाळून?"

"नाही. घडी घालून."

तू माझ्याकडे बघितलंस. "घडी कोणी घातली?"

"मी."

"बरं," तू म्हणालीस, आणि उठून भाजी निवडायला घेतलीस. डाव्या हाताने.

रंगाची घडी घालत नाहीत, घडीवर रंग तडकतो, हे अकरा वर्षं तिथे बसून मला माहीत असायला हवं होतं. तू ओरडली असतीस तर बरं झालं असतं. तुझ्या वर्गातल्या मुली सांगतात, बाई एवढ्यातेवढ्यावरून ओरडायच्या. माझ्यावर तू कधीच ओरडली नाहीस.

हात सात महिन्यांत चांगला झाला. तू लहान चित्रं काढायला लागलीस. डायनिंग टेबलावर, वर्तमानपत्र पसरून. गणपती, कमळं, तुळशीवृंदावन. नातेवाइकांकडे वास्तुशांतीला, साखरपुड्याला आपण तुझी चित्रं न्यायला लागलो. सगळ्यांना आवडायची. माझ्या बहिणीने तर सांगितलं, "वहिनी, हे किती सुबक आहे, ती एवढाली कशाला काढायचीस?" मला तेव्हा बरं वाटलं, हे मी आज कबूल करतो. तू घरात होतीस, खुर्चीवर बसलेली होतीस, जमिनीपासून दीड फुटावर. मला झोप लागत होती. तू म्हणायचीस, "छान झालंय ना?" आणि मी म्हणायचो, छान झालंय. आधी नजर कुठे गेली, असं त्या चार वर्षांत तू मला एकदाही विचारलं नाहीस.

आता ती एक गोष्ट.

तिसऱ्या वर्षीचा मे महिना. कंपनीत लाइट गेली म्हणून दुपारीच सोडलं. मी घरी आलो तर दाराला कुलूप. तू शेजारी असशील असं वाटलं. मग वरून बादली सरकल्याचा आवाज आला म्हणून गच्चीचा जिना चढलो. लोखंडी दार अर्धं लोटलेलं होतं. तू गच्चीच्या मध्यावर उभी होतीस. पाण्याची बादली, आणि हातात भिंतीला चुना लावायचा जुना कुंचा, काठीला बांधलेला. डाव्या हाताने उजवं मनगट धरलं होतंस. तू त्या तापलेल्या गच्चीवर पाण्याने काढत होतीस.

टाकीपासून कठड्यापर्यंत एक लांब बांध. मग आडवे बांध. मग एक बाई, ओणवलेली, डोक्यावर पाटी चढवून घेणारी. चांगली बारा फुटांची बाई. मग तिच्यामागे दुसरी. दुसरीचे हात होईपर्यंत पहिलीचं डोकं वाळून गेलं होतं. तू मागे वळून बघितलंस. बांधही गेले होते. तू कुंचा बुडवलास आणि परत टाकीपासून सुरुवात केलीस. घाई नव्हती, चिडचिड नव्हती. पायात चप्पल नव्हती, त्या उन्हात. दुसऱ्यांदा वाळलं, तू तिसऱ्यांदा सुरू केलंस.

मी दाराआड उभा होतो. किती वेळ ते सांगता येणार नाही. मग खाली आलो आणि आपल्याच घराची बेल वाजवली. दाराला कुलूप दिसत होतं तरी वाजवली, तुला वर ऐकू जाईल अशी. तू खाली आलीस, गाऊनची किनार ओली.

"अहो, आज लवकर?"

"लाइट गेली कंपनीत."

"मी टाकी बघायला गेलेले वर."

"हं," मी म्हटलं आणि चहा टाकला.

वनिता, मी हे बघितलं होतं. तुला कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर लगेच काहीतरी करावं लागलं असतं. आणि मी काही केलं नाही. त्यानंतरही आठ महिने मी काही केलं नाही. रोज जेवताना तुझ्या मनगटाकडे बघायचो आणि गप्प बसायचो. मला तुझी काळजी होती, असं मी स्वतःला सांगायचो. काळजी होतीच. पण त्याहून जास्त मला परत त्या खुर्चीत बसून "अजून" म्हणायची भीती होती. माझ्या भीतीसाठी मी तुला टेबलापाशी बसवून ठेवलं.

पुढचं सगळ्यांना वाटतं तसं मोठेपणाचं नाही. मी रिटायर झालो आणि हरीकडे कळव्याला सहज गेलो होतो. त्याचा मंडपाच्या सामानाचा शेड, बांबू, कनाती, गाद्या. त्याने सरळ विचारलं. "दाजी, ताईचा हात बरा झाला ना?"

"झाला."

"मग अडलंय कुठं?"

हरी उठून बांबू एका बाजूला सारायला लागला. "अर्धा शेड देतो. वरून उजेड चांगला येतो." एवढंच झालं. तुझ्या भावाने जे दोन मिनिटांत केलं ते मला चार वर्षांत जमलं नव्हतं.

किल्ली मी तुझ्यासमोर टेबलावर ठेवली, कमळाच्या चित्राशेजारी.

"हे काय?"

"हरीच्या शेडची. उंच आहे."

तू ब्रश पाण्यात ठेवलास. किल्लीला हात लावला नाहीस. "तुम्हाला चालेल?"

सभेत कुणी काय म्हणालं याचा विचार करताना मला तुझा हाच प्रश्न ऐकू येतो. एवढी चित्रं काढलेली, पंचवीस वर्षं मुलांना शिकवलेली बाई, आणि तिला हे मला विचारावं लागलं. मी म्हटलं, "मी शिडी धरीन." दुसरं काही म्हणायला हवं होतं.

माळ्यावरचं गाठोडं तू स्वतः उघडलंस. मी घातलेल्या घड्यांवर रंग फुटला होता, काही ठिकाणी पापुद्रे वर्तमानपत्राला चिकटून आले. मी म्हटलं, नवीन कॅनव्हास घेऊ. तू म्हणालीस, नाही, यावरच. पाच महिने तू त्या फटी बुजवत बसलीस, गुडघ्याखाली गादी घेऊन. सगळं बुजवलंस, फक्त आभाळातली एक आडवी रेघ तशीच सोडलीस. त्यावरून आपलं किती वेळा वाजलं.

"तेवढी बुजव ना. तिथेच नजर जाते."

"जाऊ दे की."

"लोक विचारतील, हे काय."

"सांगा, तडकलंय."

शेवटपर्यंत तू ऐकलं नाहीस. दोन महिन्यांपूर्वी चहा पिता पिता मी परत विषय काढला तर म्हणालीस, "तुम्हाला ती रेघ दिसते म्हणून त्रास होतो ना? होऊ दे थोडा." आणि हसलीस. माझ्यावरचा राग तू बोलून दाखवलास असं एवढंच मला आठवतं. तोही हसून. परवा ठाण्याचे गृहस्थ त्या रेघेबद्दल पाच मिनिटं बोलले. आभाळ दुभंगल्याचा तो धाडसी निर्णय आहे म्हणाले.

कळव्याची सहा वर्षं माझ्या आयुष्यातली चांगली वर्षं होती. हात खांद्याच्या वर फार वेळ राहायचा नाही म्हणून आपण कॅनव्हास जमिनीवरच पसरला. हरीच्या गाद्यांच्या गठ्ठ्यांवर फळी टाकून त्यावर मी उभा राहायचो आणि वरून बघायचो. माझी उंचीची भीती तेवढी गेली. तू मोज्यांवरून कॅनव्हासवर चालत, काठीला बांधलेल्या ब्रशाने काढायचीस. पहिल्यांदा तुला तसं काढताना बघितलं तेव्हा गच्चीवरचं सांगून टाकायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. तू वर बघून विचारलंस, "नजर कुठे गेली?" मी म्हटलं, "पाटीवाल्या बाईकडे." आणि ते राहूनच गेलं.

खाडीवरून वारा आला की शेडमध्ये कनाती फडफडायच्या. तू कंटाळलीस की रंगाचे मोजे काढून दारात बसायचीस. आई आली की तुमचं आपसात चालायचं, त्यातलं निम्मं मला कळायचं नाही. एकदा आईने तुझं चित्र बघून सांगितलं की पाटी अशी धरत नाहीत, मान मोडेल. त्या वयात तिने रिकामं घमेलं डोक्यावर घेऊन दाखवलं. तू आख्ख्या तीन बायकांच्या माना परत काढल्यास. काम वाढलं म्हणून मी वैतागलो होतो. तू दोन आठवडे गुणगुणत होतीस.

त्या मंगळवारी सकाळी तू चहाचा कप खाली ठेवून म्हणालीस, जरा दमल्यासारखं होतंय. मी म्हटलं, आज शेडवर नको जाऊ. तू म्हणालीस, "बघू." दुपारी दोन वाजता डॉक्टर बाहेर आले. बघू हा तुझा माझ्याशी शेवटचा शब्द. तोही मी नको म्हटल्यावरचा.

शेडमधल्या चित्राचा डावा भाग कोरा आहे. अस्तर मारलेलं, सुताराच्या दोरीने आखलेलं, बाकी काही नाही. तुझ्या विद्यार्थिनींनी विचारलं, आम्ही मिळून पूर्ण करू का. त्यांचा हेतू चांगला होता. मी नको म्हटलं. हरीने विचारलं, दाजी, गुंडाळू का, मंडपवाल्यांचे पाय पडतील. मग काल आम्ही दोघांनी ते गुंडाळलं, रंग बाहेरच्या बाजूला ठेवून, आत पाइप घालून, तू करायचीस तसं. हरी मधेच थांबला आणि बांबूंच्या मागे जाऊन उभा राहिला. मी टोक धरून वाट बघत बसलो. मग तो आला आणि आम्ही उरलेलं गुंडाळलं.

आज मुग्धा घरी आली होती. पुढच्या महिन्यात डोंबिवलीत तुझ्या चित्रांचं प्रदर्शन करायचं ठरलंय, त्याची पुस्तिका ती करतेय. लॅपटॉपवर तिने तुझ्या चित्रांची यादी मांडली होती, वर्षाप्रमाणे. आंबिवलीची वर्षं, मग रिकामी जागा, मग कळवा.

"काका, इथे चार वर्षांची गॅप आहे. 'अपघातामुळे विश्रांती' असं लिहू?"

"हात सात महिन्यांत बरा झाला होता."

"मग काय लिहू?"

मी सांगितलं. ती टाइप करता करता थांबली. "काका, असं कसं लिहायचं? तुम्ही त्यांच्यासाठी किती केलंत, आम्ही बघितलंय ना."

"ते नंतर. आधी हे लिही."

"बाई असत्या तर त्यांनी हे लिहू दिलं नसतं."

"माहीत आहे मला."

तिने लिहिलं आणि वाचून दाखवलं. या चार वर्षांत त्यांच्या पतींनी त्यांना मोठी चित्रं काढू दिली नाहीत. मी म्हटलं, "'पतींनी' काढ. माझं नाव घाल." तिने घातलं. मग लॅपटॉप मिटून ती बराच वेळ माझ्याजवळ बसली. जाताना नेहमी पाया पडते, आज पडली नाही. मला ते बरोबर वाटलं.

तुला न विचारता हे केलंय. परत एकदा. पण तू पुढे निघून गेल्यावर लोक माझ्या गळ्यात जो हार घालतायत तो मला घेता येत नाही.

तुझ्याकडे मी माफी कधी मागितली नाही, त्याचं कारण आज लिहिता लिहिता कळलं. मागितली असती तर तू "चला, काहीतरीच" म्हणून लगेच देऊन टाकली असतीस, आणि उठून आत गेली असतीस. तुला रागवायला वेळच मिळाला नसता. म्हणून आताही मागत नाही. मी चुकलो, वनिता. मी तुला गच्चीवर बघितलं होतं आणि तरी गप्प राहिलो. तू आता माझ्यावर हवं तितकं रागाव.